नाशिकमध्ये पहिली मोटारसायकल घेताना : नव्या मॉडेलचा कागद खालून वर वाचा

नव्या मोटारसायकलची जाहिरात वरून खाली वाचली तर आधी मोठी स्क्रीन दिसते, मग ताकदीचा आकडा, मग रंग. ब्रेक, वजन आणि सीटची उंची तळाला बारीक अक्षरांत सापडते. पहिली गाडी घेणाऱ्यानं हा कागद खालून वर वाचावा, असं माझं ठाम मत आहे. गाडी रोज वापरताना तळातल्या त्या बारीक ओळींशीच आपला संबंध येतो. वरच्या ओळींचं कौतुक महिन्याभरात ओसरतं.

हा लेख नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांत राहणाऱ्या, पहिल्यांदाच गिअरची गाडी घेणाऱ्या मंडळींसाठी आहे. वडिलांची जुनी स्प्लेंडर चालवून हात बसलेला असला तरी नवी गाडी निवडणं हे वेगळं काम आहे.

पायरी १ : गाडीच्या आधी रस्ता ठरवा

एक कोरा कागद घ्या आणि आठवडाभरात तुम्ही कुठे-कुठे जाता ते लिहा. लेह-लडाख पुढच्या पानावर लिहा, या पानावर फक्त रोजचं येणं-जाणं.

सिडकोतून अंबड एमआयडीसीत शिफ्टला जाणाऱ्याला थोडं अंतर, भरपूर सिग्नल आणि पंपाचं बिल हे तीन प्रश्न आहेत. त्याला हलकी आणि चांगलं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी हवी. नाशिकरोडहून सातपूरला जाणारा रोज दोनदा द्वारका चौकात अडकतो, म्हणून त्यानं क्लच किती हलका आहे आणि इंजिनची धग पायाला किती लागते हे आधी बघावं. दिंडोरी, पिंपळगाव, निफाडच्या बाजूला बागेत किंवा मळ्यात जाणाऱ्याच्या वाट्याला ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला चिखल येतो, त्याला टायरची पकड आणि मागचा ब्रेक महत्त्वाचा. हरसूल, पेठ, सुरगाण्याकडे जायचं तर घाट आणि पाऊस दोन्ही धरून चाला.

मुंबईला वरचेवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासून मुंबईकडचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, पण त्या रस्त्यावर दुचाकीला परवानगी नाही. तुमचा रस्ता कसारा घाटाचाच, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुकं, पाऊस आणि ट्रक एकदम भेटतात.

याच कागदावर आणखी एक ओळ लिहा : मागे कोण बसणार? एकट्याची गाडी आणि रोज डबलसीटची गाडी या दोन वेगळ्या खरेद्या आहेत. आई किंवा बायको साडी नेसून एका बाजूला बसणार असेल तर मागची उंच, आखूड, उतरती सीट असलेली स्पोर्ट गाडी घरात रोज वाद घालेल.

पायरी २ : लायसन्स कोणतं आहे ते तपासा

स्कूटरपुरतं, म्हणजे बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स असलेल्यांना मोटारसायकल चालवता येत नाही. लायसन्सवर ‘एमसीडब्ल्यूजी’, म्हणजे गिअरची मोटारसायकल, हा वर्ग लिहिलेला हवा. त्यासाठी वय १८ पूर्ण लागतं. लर्निंग लायसन्स परिवहन खात्याच्या ‘सारथी’ साइटवरून आधार जोडून घरबसल्या काढता येतं, त्याची मुदत ६ महिने असते आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. ती चाचणी पंचवटीत पेठ रोडच्या आरटीओत. गाडी बुक करायच्या आधी हे काम सुरू करा, कारण लायसन्स नसेल तर शोरूमवाले टेस्ट राइड देत नाहीत आणि टेस्ट राइडशिवाय गाडी घेऊ नये.

पायरी ३ : ‘नवीन’ म्हणजे नेमकं काय नवीन, हे विचारा

दर सणाला प्रत्येक कंपनीचं काहीतरी ‘न्यू’ येतं. त्यात तीन प्रकार असतात. पहिला प्रकार निव्वळ रंग आणि स्टिकरचा. दुसरा नियमामुळे आलेला बदल. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ हे नियम आले, इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर गेला आणि छोट्या गाड्यांतही कॉम्प्युटरच्या हिशेबानं पेट्रोल सोडणारं फ्युएल इंजेक्शन आलं. १ एप्रिल २०२५ पासून ओबीडी-२बी लागू झालं, म्हणजे धुराशी संबंधित भागांवर गाडीचा कॉम्प्युटर सतत नजर ठेवतो आणि बिघाड झाला की मीटरवर दिवा लावतो. २०२५ मध्ये ‘अपडेट’ झालेल्या बऱ्याच गाड्या मुळात यासाठी बदलल्या आणि सोबत चार्जिंगचा पॉइंट, नवे रंग आले. तिसरा प्रकार खरोखरच नव्या गाडीचा, ज्यात इंजिन किंवा चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, नवी असते.

हे विचारण्यामागे पैशाचं कारण आहे. पहिल्या प्रकारात जुना स्टॉक सवलतीत मिळत असेल तर आनंदानं घ्या. तिसऱ्या प्रकारात मात्र पहिल्याच महिन्यात उडी मारू नका. अगदी नव्या इंजिनातल्या बारीकसारीक तक्रारी पहिल्या काही महिन्यांत बाहेर येतात, कंपनी त्या दुरुस्त करते, आणि तोवर तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकलाही ती गाडी उघडून बघायला मिळालेली असते.

पेट्रोलबद्दल दोन शब्द. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० मिळतं. नव्या गाड्या त्यासाठीच बनवलेल्या आहेत, त्यामुळे त्यांच्या बाबतीत घाबरायचं कारण नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, म्हणून अ‍ॅव्हरेजमध्ये थोडी घट धरून चाला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुनं पेट्रोल साठवून ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

पायरी ४ : आता कागद, खालून वर

सीटची उंची. दोन्ही पाय टेकले तर पहिल्या गाडीवर आत्मविश्वास येतो. हीरो स्प्लेंडर प्लसची सीट ७८५ मिलिमीटरवर आहे, टीव्हीएस रेडर १२५ ची ७८०, रॉयल एनफिल्ड हंटर ३५० ची ७९०, क्लासिक ३५० ची ८०५, यामाहा एमटी-१५ ची ८१०, हिमालयन ४५० ची ८२५ आणि हीरो एक्सपल्स २१० ची ८३०. आकड्यावरून सगळं कळत नाही, कारण रुंद सीट पाय फाकवते आणि अरुंद सीट तीच उंची कमी भासवते. तरी उंची पाच फूट तीन-चार इंच असेल तर ८२५ च्या पुढच्या गाड्या आधी बसून, मग उतारावर उभ्या करून बघा. पाय सपाटीला टेकतो पण खड्ड्यात टेकत नाही, आणि गाडी पडते ती तिथेच.

वजन. स्प्लेंडर ११२ किलो, होंडा शाइन १०० फक्त ९९ किलो, एमटी-१५ १४१, हंटर १८१, क्लासिक १९५, हिमालयन ४५० १९६. चालत्या गाडीचं वजन जाणवत नाही, उभ्या गाडीचं जाणवतं. जुन्या नाशकात, पंचवटीच्या गल्लीत किंवा वाड्याच्या बोळात राहत असाल तर गाडी रोज हातानं मागे ओढून काढावी लागते. शोरूममध्ये विक्रेत्याला बाजूला उभं करून इंजिन बंद ठेवा आणि गाडी स्वतः मागे ढकलून वळवून बघा. हे बहुतेक जण करत नाहीत. मला विचाराल तर टेस्ट राइडच्याही आधी ही परीक्षा घ्यावी.

ब्रेक. इथे जरा थांबू, कारण पैसे वाचवायच्या नादात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

घाबरून ब्रेक करकचून दाबला की चाक जाम होतं आणि घसरतं. घसरणारं चाक वळवता येत नाही, आणि पुढचं चाक जाम झालं तर माणूस क्षणात खाली येतो. एबीएस म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा; तिच्यात चाकाजवळचा सेन्सर फिरण्याचा वेग मोजत असतो. चाक जाम होतंय असं दिसलं की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते आणि पुन्हा लावते. एका सेकंदात हे अनेक वेळा घडतं, तुम्हाला फक्त ब्रेकच्या दांडीत थरथर जाणवते. सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करतं, ड्युअल चॅनल दोन्ही चाकांवर. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना निदान सीबीएस सक्तीचं झालं. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. हे चांगलं आहे, पण चाक जाम होणं ते थांबवू शकत नाही.

१२५ सीसीवर एबीएसची सक्ती नव्हती म्हणून त्या गटात हा फरक मॉडेलनुसार बदलतो. हीरोची एक्सट्रीम १२५ आर जानेवारी २०२४ मध्ये आली तेव्हा तिच्या एका व्हेरियंटला सिंगल चॅनल एबीएस होतं, दुसऱ्याला नव्हतं. एकाच नावाच्या गाडीत असं असतं. हंटर ३५० ऑगस्ट २०२२ मध्ये आली तेव्हा स्वस्तातल्या रेट्रोला मागे ड्रम ब्रेक, सिंगल चॅनल एबीएस आणि ट्यूबचे टायर होते, तर मेट्रोला मागे डिस्क, ड्युअल चॅनल आणि ट्यूबलेस. नाव एक, इंजिन एक, पण पावसात त्र्यंबक रोडवर अचानक म्हैस आडवी आली तर या दोन गाड्या सारख्या थांबत नाहीत. म्हणून माझा आग्रह असा : बजेट ताणायचंच असेल तर सीसी वाढवण्यासाठी ताणू नका, त्याच गाडीच्या चांगल्या ब्रेकच्या व्हेरियंटसाठी ताणा.

टायर. ट्यूबलेस घ्या. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते आणि गाडी सावरायला वेळ मिळतो. पंक्चरही चाक न काढता निघतं. तारांच्या चाकांची क्लासिक देखणी दिसते, पण त्या चाकांत ट्यूब असते. रात्री कसाऱ्यात ट्यूब पंक्चर झाली तर ट्रक थांबवून मदत मागण्याची वेळ येते.

टॉर्क आणि ताकद. आता कुठे आपण कागदाच्या मधल्या भागात आलो. ताकद पीएसमध्ये मोजतात, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनची फिरवायची ओढ, न्यूटन मीटरमध्ये. दोन्हींच्या शेजारी आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे, लिहिलेला असतो, खरी गोष्ट तिथे आहे. क्लासिक ३५० आणि एमटी-१५ शेजारी ठेवून बघा. क्लासिक साधारण २० पीएस देते, एमटी-१५ १८.४ पीएस. वाचणाऱ्याला वाटेल, फरक फार नाही. पण क्लासिकचा २७ न्यूटन मीटर टॉर्क ४,००० आरपीएमला मिळतो, आणि एमटी-१५ चा १४.१ न्यूटन मीटर ७,५०० ला. म्हणजे क्लासिक तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये निवांत ओढत राहते, डबलसीट घेऊन नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना फारसे गिअर पाडावे लागत नाहीत. एमटी-१५ ला तीच चढण चढायला इंजिन वरच्या आरपीएमला ठेवावं लागतं, पण ती ५४ किलोनं हलकी असल्यामुळे एकट्यानं, नीट गिअर वापरून चालवली तर पिकअपला पुढे निघते. दोन्हींपैकी कोणती चांगली, हे तुमच्या पहिल्या पायरीच्या कागदावर लिहिलेलं आहे.

इंजिन एकच असून गाडी वेगळी कशी होते, त्याचं उत्तम उदाहरण रॉयल एनफिल्डच्या ४५० च्या जोडीत आहे. हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३ मध्ये आली, गुरिल्ला ४५० जुलै २०२४ मध्ये. दोन्हींत ४५२ सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन आणि ४० पीएस. पण हिमालयनचा ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची मोकळी जागा) २३० मिलिमीटर, सस्पेन्शन लांब, सीट उंच. गुरिल्लाची सीट ७८० वर आणि वजन ११ किलोनं कमी. फक्त सीसी आणि पीएस बघणाऱ्याला या दोन गाड्या सारख्याच वाटतील.

कूलिंग. एअर कूल्ड, म्हणजे हवेनं थंड होणारं इंजिन साधं, देखभाल कमी. लिक्विड कूल्ड, म्हणजे आत फिरणाऱ्या द्रवानं थंड होणारं इंजिन जास्त ताकद सहन करतं, पण ट्रॅफिकमध्ये पंखा सुरू झाला की गरम हवा पायावर येते. मे महिन्यात शालिमारच्या गर्दीत हे जाणवतं.

सगळ्यात शेवटी इलेक्ट्रॉनिक्स. यातही उपयोगाचं आणि शोभेचं वेगळं करता येतं. स्लिपर-असिस्ट क्लच खरोखर कामाचा आहे, त्यानं क्लच हलका होतो आणि घाईत गिअर पाडल्यावर मागचं चाक उड्या मारत नाही. मागचं चाक जागच्या जागी घसरून फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल ओल्या रस्त्यावर उपयोगी आहे, पण २० पीएसच्या आतल्या गाडीत त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. रायडिंग मोड, ब्लूटूथ, रंगीत स्क्रीन असेल तर छान, नसेल तर फोन खिशात ठेवा.

पायरी ५ : नजरेखालून घालायच्या काही गाड्या

सगळ्या गाड्यांची यादी देण्यात अर्थ नाही. प्रत्येक गटातलं मला महत्त्वाचं वाटतं तेवढं सांगतो.

१०० सीसीत स्प्लेंडर प्लस आणि शाइन १०० दोन्ही सरळ, स्वस्त आणि टिकाऊ. रोज ४०-५० किलोमीटर गावातून शहरात येणाऱ्यानं इथून पुढे जायचं कारण शोधू नये.

१२५ सीसीचा गट गेल्या काही वर्षांत सगळ्यात मजेशीर झाला. रेडर, एक्सट्रीम १२५ आर, पल्सर एन १२५ या साधारण ११ ते १२ पीएसच्या गाड्या आहेत, शहरात चपळ आणि अधूनमधून सिन्नर-घोटीपर्यंत जायला पुरेशा. याच गटात बजाज फ्रीडम १२५ आहे, जुलै २०२४ मध्ये आलेली जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल. सीटखाली २ किलोची सीएनजी टाकी, शिवाय २ लिटर पेट्रोल, आणि हँडलवरच्या बटनानं एकीकडून दुसरीकडे. कंपनी एका किलोला १०२ किलोमीटर सांगते. खर्चाच्या दृष्टीनं ती मोह पाडते. पण तिची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे, म्हणजे क्लासिक ३५० पेक्षाही उंच, आणि पंपावरची रांग वेगळी. तुमच्या रोजच्या वाटेवर सीएनजी पंप असेल आणि पहाटे किंवा रात्री भरायची सोय होत असेल तरच घ्या. सुरगाणा-पेठच्या वाटेवर राहणाऱ्यानं आधी पंप शोधावा, मग गाडी.

१५० च्या आसपास यामाहानं मार्च २०२५ मध्ये एफझेड-एस एफआय हायब्रिड आणली. यातली छोटी मोटर सुरुवातीला इंजिनला हातभार लावते आणि सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होतं. विजेवर चालणारी गाडी समजून कोणी घेऊ नये, ती पेट्रोलचीच आहे.

३५० आणि ४०० यांच्यामध्ये आता करानं भिंत उभी केली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून ३४९ सीसीच्या क्लासिक, हंटर, बुलेट, मिटिऑर यांना फायदा झाला, तर ट्रायम्फ स्पीड ४००, हिमालयन ४५० वगैरे गाड्या वरच्या कराच्या गटात गेल्या. पहिली गाडी म्हणून ४० पीएसची गाडी घ्यावी का? मी म्हणेन, नको. वर्ष-दोन वर्षं छोटी गाडी पावसात, घाटात, ट्रॅफिकमध्ये चालवा. मोठी गाडी तेव्हाही बाजारात असेल, आणि तेव्हा तुम्हाला ती का हवी हे सांगता येईल.

इलेक्ट्रिक मोटारसायकली बघायच्या असतील तर घरी चार्जिंगचा स्वतःचा पॉइंट असल्याची खात्री आधी करा. चौथ्या मजल्यावरून वायर सोडून हे काम होत नाही.

पायरी ६ : टेस्ट राइड

शोरूमभोवती एक चक्कर मारून समाधान मानू नका. अर्धा तास मागा आणि शक्यतो संध्याकाळी जा, म्हणजे गर्दी मिळेल. या गोष्टी करून बघा : चालण्याच्या वेगानं पहिल्या गिअरमध्ये पन्नास-साठ फूट जाणं, अरुंद रस्त्यात एका दमात यू-टर्न, स्पीड ब्रेकरवरून बसल्या-बसल्या जाणं, मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक जोरात. टॉप गिअरमध्ये ताशी साठ-सत्तरला आरशात मागची गाडी स्पष्ट दिसते की थरथरते ते पाहा. नंतर मागे बसणाऱ्या माणसाला बसवून हेच पुन्हा. त्यांचं मत तुमच्याइतकंच महत्त्वाचं धरा. गाडी गरम झाल्यावर उभी करून न्यूट्रल सापडतो का ते बघा, काही गाड्यांत तो गर्दीत सतत हुलकावणी देतो.

त्याच दिवशी शोरूमच्या मागे सर्व्हिस सेंटरवर जा. तिथे गाडी घ्यायला आलेल्या लोकांशी बोला : सर्व्हिसची तारीख किती दिवसांनी मिळते, स्पेअर पार्ट किती दिवस लागतात. ज्या कंपनीचा पार्ट दरवेळी मुंबई-पुण्याहून येतो, तिची गाडी कितीही आवडली तरी दोनदा विचार करा.

पायरी ७ : पैसे

एक्स-शोरूम, म्हणजे रोड टॅक्स आणि विमा न धरलेल्या किमतीवर विश्वास ठेवून बजेट करू नका. लेखी ऑन-रोड कोटेशन मागा, त्यात प्रत्येक रक्कम सुटी लिहून घ्या : रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन, नंबर प्लेट, इन्शुरन्स, अ‍ॅक्सेसरीज. महाराष्ट्रात दुचाकीचा टॅक्स इंजिनच्या क्षमतेनुसार बदलतो, म्हणून दोन गाड्यांची किंमत तोलताना ऑन-रोडच तोला. ‘हँडलिंग’ नावाची ओळ दिसली तर ती कशासाठी, असं विचारा आणि काढायला सांगा. लेग गार्ड, सीट कव्हर, मॅट अशा वस्तू तुम्ही सांगितल्याशिवाय बिलात येऊ देऊ नका.

इन्शुरन्समध्ये नव्या दुचाकीसाठी ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे, पण पहिल्या वर्षी तो घ्याच, शक्यतो झिरो डेप्रिसिएशनसह, म्हणजे भरपाईतून पार्टचा घसारा कापला जात नाही. मालक-चालकाला १५ लाखांचं अपघात कव्हर लागतं. ते तुमच्याकडे आधीच असेल तर सांगा, पुन्हा पैसे भरायची गरज नाही. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन घेऊन जा. जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर जुन्या पॉलिसीचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याची सूट) तुमच्या नावावर नव्या गाडीला मिळतो.

कर्जाबाबत एकच हिशेब नीट करून बघा. १ लाखाचं कर्ज, ३ वर्षं, ‘फक्त १० टक्के’ फ्लॅट. व्याज ३० हजार, हप्ता सुमारे ३,६११ रुपये. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र पूर्ण १ लाखावर चालू राहतं. घटत्या शिलकीच्या पद्धतीनं हा दर जवळपास १८ टक्के पडतो. बँकेच्या १२ किंवा १३ टक्क्यांशी तुलना करताना या १८ शी करा. ‘रिड्यूसिंग रेट किती?’ हा एक प्रश्न टेबलावर ठेवला की बोलणी बदलतात.

पायरी ८ : गाडी हातात घेताना

पाडवा, दसरा, धनत्रयोदशी या दिवशी डिलिव्हरीला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि कोणी कोणाची गाडी नीट तपासत नाही. मुहूर्त साधायचा असेल तर गाडीची तपासणी दोन दिवस आधी करून घ्या आणि मुहूर्ताला फक्त हार घाला.

तपासणीत चासी आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. फॉर्म २१, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. जानेवारीत मागच्या वर्षीची गाडी देत असतील तर किंमतही तशी लावून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो : २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दिवे, इंडिकेटर, हॉर्न, दोन्ही चाव्या, टूलकिट बघा. गाडीसोबत आयएसआय मार्कचं हेल्मेट देणं नियमात आहे, ते मागून घ्या. मागच्या माणसाला धरायची दांडी आणि साडी गार्ड हेही नियमानं गाडीवर असावं लागतं. देखणी दिसावी म्हणून साडी गार्ड काढून टाकणाऱ्यांना कळकळीनं सांगतो, चाकात पदर किंवा ओढणी गेली की जे होतं ते फार वाईट असतं.

एमएच १५ चा नंबर पडून, हाय सिक्युरिटी प्लेट लागल्याशिवाय गाडी शोरूमबाहेर काढू नका.

पायरी ९ : पहिले हजार किलोमीटर

नवी गाडी नवश्या गणपतीला किंवा वणीला नेणार असाल तर जरूर न्या, पण घाटात जपून. पहिल्या हजार किलोमीटरमध्ये इंजिन ताणू नका आणि वरच्या गिअरमध्ये कण्हत ठेवूही नका. वेग सारखा बदलत राहा. अर्धा तास एकाच वेगानं हायवेवर जाणं या काळात टाळा. नवे टायरही गुळगुळीत असतात, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी जास्त झुकवू नका. ब्रेकचे पॅडही हळूहळू बसतात.

पहिली सर्व्हिस किती किलोमीटरला किंवा किती दिवसांनी, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं; दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरा. ती चुकली तर पुढे वॉरंटीचा दावा अडतो. या सर्व्हिसला ऑइल बदललं का ते समोर उभं राहून बघा आणि जॉबकार्डची प्रत घरी न्या. त्यानंतर साखळीकडे लक्ष : दर पाचशे किलोमीटरला साफ करून वंगण, आणि पावसाळ्यात इगतपुरी किंवा त्र्यंबकला भिजून आलात तर त्याच रात्री, साखळी कोरडी करून. हवा गाडी थंड असताना तपासा. एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा असतो, तो स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरवर सापडेल. आरसी, विमा आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये उतरवून घ्या, आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा चालू असला तरी स्वतःच्या नुकसानीचा विमा वर्षाचाच घेतलेला असेल, तर त्याची तारीख फोनवर आजच लावून ठेवा.